पद्मिनीला पॉवर डिस्क ब्रेक बसवावेत का?

अर्धवट_गिअर

मंडळी, सल्ला हवाय. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ची. मामांची होती, आता माझ्या गळ्यात. दादरला सोसायटीत तिला उभं राहायला जागा मिळाली हाच मोठा विजय, त्यामुळे बाकी सगळं सोसायचं ठरवलंय. इंजिन उघडून झालं, वायरिंग नवीन टाकलं. उरला ब्रेक.

पहिल्या दाबात पेडल अर्ध्याच्या खाली जातं. सोडून लगेच पुन्हा दाबलं की वर येतं. जोरात दाबलं की गाडी डावीकडे ओढते. परवा केम्प्स कॉर्नरच्या पुलावरून उतरताना पुढची टॅक्सी अचानक थांबली. मीही थांबलो, पण तेवढ्या वेळात शेजारी बसलेल्या बायकोने तिच्या बाजूला नसलेला ब्रेक पायाने दाबून धरला होता.

मेकॅनिक म्हणतो, "साहेब, पुढचे ड्रम काढून टाका. मारुतीची डिस्क, मारुतीचं कॅलिपर, वर बूस्टर. एका बोटाने थांबेल." त्याने सांगितलेला आकडा मी अजून घरी सांगितलेला नाही.

कोणी केलंय का हे? आरटीओ काही म्हणतं का? आणि मुख्य म्हणजे, एवढं करून गाडी लोणावळ्याला नेता येईल का? मूळपणा जपण्याबद्दल प्रवचन नको, प्लीज.

चोकओढ्या

हॉर्न चालतो ना? मग मुंबईत ब्रेक कशाला लागतो?

नाना_गिरगाव

प्रवचन नको म्हटलंय म्हणून थांबतो. एवढंच सांगतो की आमच्या गल्लीतल्या टॅक्सीवाल्यांनी ह्याच ड्रम ब्रेकवर जन्म काढला.

बिडाचा_ड्रम

मेकॅनिकचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी चारही चाकं काढून बघा. ही लक्षणं सर्व्हिसिंगची आहेत.

दुसऱ्या दाबाला पेडल वर येतं म्हणजे बहुधा लायनर (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारं अस्तर) आणि ड्रममधली फट वाढली आहे. जुन्या ड्रममध्ये ती हाताने ॲडजस्ट करून घ्यावी लागते, आणि ते काम हल्लीची पोरं विसरली आहेत. पेडल मऊ, दबकं लागत असेल तर लाइनमध्ये हवा. पाय ठेवून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलतो त्याचं, रबर गेलं.

डावीकडे ओढते म्हणजे उजवा पुढचा ब्रेक कमी धरतोय. तिथला व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा) जाम असेल, लायनरला ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागलं असेल, नाहीतर रबरी होज आतून सुजला असेल. होजचं दुखणं फार फसवं असतं. बाहेरून ठणठणीत, आतून भोक बुजलेलं. ऑइल दाबाने पुढे जातं पण पाय काढल्यावर परत येत नाही, मग तेच चाक धरून राहतं. एकाच चाकाची दोन उलटी लक्षणं दिसली की आधी होज बदलायचा.

हे सगळं करून समाधान नाही झालं तर डिस्कचं बोलू.

स्नेहल_पार्ले

आमच्याकडे केलंय. बाबांची पद्मिनी, पुढे डिस्क, मागे मूळ ड्रम, बूस्टर. गाडी आता सरळ रेषेत थांबते आणि पावसात तर फरक जमीन-अस्मानाचा आहे. मिलन सबवेच्या पाण्यातून काढल्यावर पूर्वी बाबा पुढचा अख्खा रस्ता ब्रेकवर हलका पाय ठेवून ड्रम सुकवत न्यायचे, आणि तरी पहिला ब्रेक कुठल्या बाजूला ओढेल याचा नेम नसायचा. डिस्कवरचं पाणी फिरता फिरता उडून जातं.

पण "मारुतीची डिस्क बसते" हे वाक्य अर्धं आहे. डिस्क बसवावी लागते. हबला लेथवर काम निघालं, आणि कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटणारा भाग, धरायला ब्रॅकेट मुद्दाम बनवावं लागलं. पहिल्या गॅरेजने (नाव घेत नाही) दोन पट्ट्या वेल्डिंगने जोडून ब्रॅकेट ठोकून दिलं. ते बघून माझ्या भावाने, जो शीट मेटलमध्ये आहे, गाडी तिथून अक्षरशः टो करून आणली. ब्रेक मारल्यावर त्या चाकाचा सगळा मरोड त्याच ब्रॅकेटवर येतो. मग एका जाड पोलादी प्लेटमधून अख्खं कापून घेतलं, आणि बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेले.

गॅरेजने आणखी एक प्रताप केला होता. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला होता. घरी आणल्यावर ट्रायल घेतली तर पाच मिनिटांत पुढच्या दोन्ही चाकांतून जळका वास. ते का झालं हे इथले जाणकार माझ्यापेक्षा नीट सांगतील.

केतकी_ठाणे

स्नेहल, मी सांगते. ड्रमसाठी बनवलेल्या बऱ्याच जुन्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटी झडप असते. पाय काढल्यावरही ती लाइनमध्ये थोडा दाब राखते, साधारण १० पीएसआय. ड्रममध्ये शूला (लायनर ज्यावर बसतो त्या पट्टीला) मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा दणकट असतात, त्यामुळे तेवढा दाब चालतो, उलट व्हील सिलिंडरचे कप चिकटून राहायला तो हवाच असतो. कॅलिपरमध्ये अशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी रबर जरासं पिळलं जातं आणि पाय काढल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं, बस. तिथे १० पीएसआय राहिला की पॅड डिस्कला घासतच राहणार. डिस्कच्या लाइनला २ पीएसआय पुरतो, तोही मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीला असेल तरच.

आता "एका बोटाने थांबेल"बद्दल. ड्रममध्ये चाक फिरतं त्या दिशेचा शू ड्रमच्या फिरण्यानेच आत खेचला जातो, म्हणजे ड्रम स्वतःच्या ब्रेकला स्वतः मदत करतो. म्हणून पद्मिनी बूस्टरशिवायही थांबते. डिस्कला ही फुकटची मदत नाही, ती नुसत्या चिमटीवर चालते. म्हणून तिला दाब जास्त लागतो आणि म्हणून बूस्टर लागतो. नुसती डिस्क घालून बूस्टर वगळलात तर पेडल दगडासारखं लागेल.

चोकओढ्या

केतकीताई, कोपरापासून नमस्कार. मला आजवर वाटायचं बूस्टर म्हणजे लसीचा.

घाटातला_तात्या

बूस्टर हा फार गैरसमज झालेला डबा आहे. तो गाडी लवकर थांबवत नाही. तुमच्या पायाचं काम हलकं करतो, एवढंच. चाक लॉक होण्याइतका ब्रेक तुमचा जुना ड्रमही लावू शकत असेल, तर त्यापुढे गाडी किती अंतरात थांबणार हे टायर ठरवतं. आणि इथे निम्म्या लोकांच्या जुन्या गाड्यांवर टायर असे असतात की नक्षी शाबूत पण रबर कडक, कडेला भेगा. ते आधी बदला.

डिस्क खरी कामाला येते ती खंडाळ्याचा घाट उतरताना. ड्रम बंद डबा, उष्णता आत कोंडते, लायनर तापून गुळगुळीत होतो, ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो. पाय दाबताय, दाबताय, आणि गाडी आपली चाललीये. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो. पण हेही खरं की घाट तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरवर उतरला तर ड्रमवर एवढी वेळ येतच नाही. चौथ्या गिअरवर ब्रेक दाबत उतरणाऱ्याला डिस्कही वाचवणार नाही, कारण मग ब्रेक ऑइल उकळतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी शोषलं की १४० पर्यंत येतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. मुंबईच्या हवेत ऑइल पाणी शोषणार हे धरूनच चाला. दोन वर्षांनी बदलायचं म्हणजे बदलायचं.

नाना_गिरगाव

तात्यांना अनुमोदन. टॅक्सीवाले पेडर रोडचा उतार गिअरवरच उतरायचे. शिवाय त्यांची गाडी स्टिअरिंगवरच्या गिअरची, हात सारखा तिथेच.

(अवांतर: ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी बंद झाली. शेवटची नोंदणी २००३ची, ताडदेव आरटीओची, तिची २० वर्षं भरली. त्या दिवसापासून रस्त्यात पद्मिनी दिसली की लोक फोटो काढतात. आधी दार नीट लागत नाही म्हणून शिव्या घालायचे.)

मीच_तो

नाना, मला तर अजून तिच्या मागच्या सीटची स्प्रिंग आठवते. पाठ तर रोज आठवण काढते.

नाना_गिरगाव

आणि मीटर! बाहेर, डाव्या बाजूला, पावसात भिजणारं. उतारू काचेतून मान वाकडी करून आकडा बघायचा आणि मग खिशातून ते भाड्याचं कार्ड निघायचं.

केतकी_ठाणे

धागा टॅक्सी स्टँडवर गेला आहे. परत ब्रेकवर या.

पासिंगवाला

आरटीओचं कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं, म्हणजे १९८८च्या कायद्याचं, कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. आरसीवर इंजिन, चासी, रंग, इंधन, बसायची क्षमता वगैरे असतं. ब्रेक ड्रम की डिस्क हा रकाना आरसीवर नसतो. त्यामुळे पुनर्नोंदणीच्या तपासणीत "ब्रेक नीट लागतो का" एवढंच बघतात असा सगळ्यांचा अनुभव. तरी मी म्हणेन, काय बदललं त्याची बिलं जपा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघात झाला की सर्वेअर चाकामागे डोकावतो.

दुसरं, तुमची गाडी १९७८ची. २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. म्हणजे तुम्ही २०२८ला पात्र. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. ब्रेकचा तिथे थेट उल्लेख नाही, पण "मूळ रूप" कशाला म्हणायचं हे शेवटी तपासणारा ठरवणार. आणि त्या नंबरावर गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल एवढंच. रोज चालवायची असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

नाना_गिरगाव

बघा, आलंच ना मूळपणावर! प्रवचन मी केलं नाही, कायद्याने केलं.

स्नेहल_पार्ले

नाना, मूळपणाचं मला पटत नाही. गाडी मूळ होती तेव्हा रस्ताही मूळ होता. आज पुढच्या गाडीला एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आहे. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं झालं. ती जिथे थांबते तिथे तुम्हाला थांबता आलं पाहिजे, नाहीतर तिच्या डिकीत. आणि जुनी गाडी बघून तुम्ही सोडलेल्या अंतरात लगेच रिक्षा घुसते ते वेगळंच.

बिडाचा_ड्रम

स्नेहलताई, तुमचा मुद्दा रास्त, पण मग सगळ्यात आधी करायची गोष्ट डिस्क नाही, टँडम मास्टर सिलिंडर आहे. जुन्या गाडीत सिंगल सर्किट. एकच पिस्टन, चारही चाकांची एकच लाइन. कुठेही एक होज फुटला की चारही ब्रेक एकदम गेले, उरला फक्त हँडब्रेक. टँडममध्ये पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं, एक गेलं तरी दुसरं धरतं. तुमच्याकडे बूस्टरबरोबर टँडम आलाय ना?

स्नेहल_पार्ले

हो, भावाने दुसऱ्यांदा सगळं बसवलं तेव्हा बूस्टर आणि टँडम जोडीनेच घेतला. आणि मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, मागच्या चाकांचा दाब कमी ठेवणारा. तो नसताना एकदा ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक झाली आणि गाडीने शेपूट फिरवलं. वेग कमी होता म्हणून निभावलं. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, त्यांना तेवढाच दाब दिला तर ती घसरणारच. व्हॉल्व्ह पुढे-मागे फिरवून पुढची चाकं आधी लॉक होतील असं सेट करून घेतलं, मोकळ्या मैदानात, भल्या पहाटे.

केतकी_ठाणे

बोअरबद्दल (मास्टर सिलिंडरच्या आतल्या व्यासाबद्दल) एक सांगते, इथे सगळे चुकतात. मिळेल तो मास्टर सिलिंडर उचलून आणतात. पायाचा जोर तोच ठेवून पाऊण इंच बोअरच्या जागी सात अष्टमांश इंच बोअर घातला, तर लाइनमधला दाब जवळपास २७ टक्क्यांनी उतरतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. पेडल छान वर आणि टणक लागतं, लोक खूश होतात, आणि गाडी थांबत नाही. उलट बोअर फार लहान घेतला तर दाब मिळतो पण पेडल जमिनीला टेकतं, कारण कॅलिपरला व्हील सिलिंडरपेक्षा ऑइल जास्त लागतं. म्हणून ज्या गाडीचं कॅलिपर घ्याल, त्याच गाडीचा मास्टर आणि बूस्टर घ्या. कुर्ल्याच्या भंगारात एक कॅलिपर इथून, दुसरं तिथून असं करू नका.

मीच_तो

वाचनखूण साठवली. माझ्याकडे पद्मिनी नाही, पण साठवली.

जुना_कुर्लाकर

उशिरा वाचलं. मी कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्याजवळच वाढलो, नंतर हयात लेथवर गेली. डिस्कला माझा विरोध नाही, पण ड्रमला नावं ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी ड्रम मापून बघितला आहे?

ड्रम लेथवर चढवा, डायल लावा, हळू फिरवा. सुई एका जागी राहिली तर ड्रम गोल. सुई एका फेरीत दोनदा वर-खाली गेली तर ड्रम ओव्हल. ओव्हल ड्रममध्ये पेडल पायाखाली धडधडतं. मग ड्रम टर्न करायचा, म्हणजे लेथवर आतून कापून गोल करायचा, पण मर्यादेतच, फार पातळ केला तर तापून फाटतो. आणि एका बाजूचा टर्न केला की दुसऱ्या बाजूचाही तेवढाच करायचा, नाहीतर गाडी ओढणारच. टर्न केल्यावर ड्रमची गोलाई बदलते, म्हणून लायनरही त्या गोलाईला घासून घ्यायचा. शूला खडू लावा, ड्रममध्ये फिरवा. खडू टोकांना पुसला गेला आणि मधे राहिला म्हणजे फक्त टोकं लागतायत. नवीन लायनर टाकूनही "ब्रेक नाही" म्हणणाऱ्यांचं नव्वद टक्के दुखणं इथे असतं.

आणखी दोन. व्हील सिलिंडर उघडला की पोरं घासलेटात बुडवून धुतात. घासलेट-पेट्रोल लागलं की रबर फुगतं आणि महिन्यात जाम. ब्रेक ऑइलने नाहीतर स्पिरिटने धुवा. आणि जुन्या ड्रममधली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या.

घाटातला_तात्या

काका, नव्वद टक्के कुठून आणलेत? :)

जुना_कुर्लाकर

माझ्या लेथवरून. तुमचा आकडा असेल तर सांगा.

चोकओढ्या

हसून हसून पुरेवाट. तात्या, आता गिअर टाका.

अर्धवट_गिअर

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज सकाळी बिल्डिंगखाली पुढची दोन्ही चाकं काढली. वॉचमनने स्टूल आणून दिलं आणि स्वतःही बसला.

डाव्या बाजूला सगळं कोरडं. उजव्या बाजूचा ड्रम निघेना, लाकूड ठेवून ठोकून काढला. आत व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखालून ओल, आणि खालच्या शूचा लायनर अर्धा काळा, चकचकीत, हाताला चिकट. ब्रेक ऑइल प्यायलेला. बिडाचा_ड्रम, तुम्ही न बघता सांगितलंत. ड्रमला कडेला बऱ्यापैकी ओठ पडलाय, नखाला लागतो. होज तिन्ही बदलतोच आहे, त्यांच्यावर १९ने सुरू होणारं साल छापलंय यापेक्षा जास्त काही बोलत नाही.

आणि एक गंमत. मागे जाणाऱ्या पाइपचा एक तुकडा तांब्याचा आहे, कोणीतरी एसीवाल्याकडून आणून जोडलेला. हे चालतं का?

बिडाचा_ड्रम

नाही, तो आजच काढा. शुद्ध तांबं सततच्या थरथरीने कडक होतं आणि एक दिवस सांध्याजवळ चिरतं. तुमच्याकडे सिंगल सर्किट आहे हे विसरू नका. पोलादी ब्रेक पाइप घ्या, टोकाला डबल फ्लेअर करून (तोंड पसरवून दुहेरी दुमडून) देणारा माणूस शोधा. एकेरी फ्लेअर करून देतो म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

स्नेहल_पार्ले

मग डिस्कचं काय ठरलं?

अर्धवट_गिअर

ठरवलं असं: दोन्ही पुढचे ड्रम काकांनी सांगितलं तसे मापून, टर्न करून, लायनर नवीन. चारही व्हील सिलिंडर नवीन, होज, पाइप सगळं नवीन. टँडम मास्टर बसतोय का ते बघतोय. टायरही, तात्या. डिस्क सध्या नाही. हा पावसाळा ड्रमवर काढून बघतो. ओला ड्रम मला झेपतो की नाही ते एका पावसात कळेल. नाहीच झेपला तर स्नेहलताई, तुमच्या भावाकडून त्या ब्रॅकेटचं माप हवंय.

स्नेहल_पार्ले

देते. पण तुमच्या हबवर मापून मगच कापा, आमचं जसंच्या तसं नको. आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून होज टायरला लागत नाही ना बघा, आमचा लागत होता. बूस्टर घातलाच तर साधी परीक्षा: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं म्हणजे बूस्टर काम करतोय. हललंच नाही तर व्हॅक्यूमचा पाइप नाहीतर त्यातली एकमार्गी झडप बघा.

नाना_गिरगाव

म्हणजे ड्रम जिंकला!

केतकी_ठाणे

नाना, सामना अजून जुलैत आहे.

पासिंगवाला

जाता जाता, पाइप-होजची बिलं ठेवा.

अर्धवट_गिअर

शेवटचा प्रश्न. ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, कुठल्या चाकापासून? आणि मामांच्या कपाटात ब्रेक ऑइलची एक अर्धी बाटली आहे, डॉट ३, झाकण घट्ट लागलेलं. वापरू का?

बिडाचा_ड्रम

मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा, जवळचं शेवटी. टाकीतलं ऑइल मधे संपू देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. बाटली फेकायला द्या. नवीन डॉट ४ घ्या, छोटी बाटली, त्याच दिवशी उघडलेली. डॉट ५ सिलिकॉनचं देत असेल तर नको, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका, रंग निघेल.